हेरांच्या मागावरची साधने: घरच्या संगणकासाठी काय घ्यावे, कसे चालवावे

संगणक संथ झाला, ब्राउझरचे पहिले पान आपोआप बदलले, न मागितलेल्या जाहिराती कोपऱ्यातून उगवू लागल्या, की घरात पहिले वाक्य ऐकू येते, "व्हायरस आलाय." दुसरे वाक्य दुरुस्तीवाल्याचे असते, "फॉरमॅट मारून देतो." या दोन वाक्यांच्या मध्ये बरेच काही करता येते आणि बहुतेक वेळा ते फुकट करता येते. फक्त ते करण्यासाठी कोणते साधन घ्यावे, हे शोधायला माणूस इंटरनेटवर जातो आणि तिथेच अनेकदा फसतो.

स्पायवेअर म्हणजे संगणकात राहून मालकाच्या नकळत माहिती बाहेर पाठवणारा प्रोग्राम. कोणत्या साइट पाहिल्या, कोणती कळ दाबली, कोणते पासवर्ड ब्राउझरमध्ये साठवले आहेत, यांतले काहीही तो उचलू शकतो. त्याला हुडकणारी साधने पंचवीस वर्षांपासून आहेत. त्यांचा इतिहास पाहिला तर आज कोणते साधन घ्यावे, याचे उत्तर बरेचसे त्यातच मिळते.

जाहिरातींच्या धंद्यातून आलेले हेर

घरगुती संगणकावरची हेरगिरी सुरू झाली ती जाहिरातींच्या धंद्यातून. 1990 च्या दशकाच्या अखेरीस अनेक प्रोग्राम फुकट मिळू लागले आणि त्यांचा खर्च सोबत येणाऱ्या जाहिरातींच्या तुकड्यांतून भागवला जाई. अमेरिकेतील प्रोग्रामर स्टीव्ह गिब्सन यांना आपल्या संगणकावर ऑरिएट या कंपनीचा असा तुकडा सापडला. तो काढण्यासाठी त्यांनी 2000 साली 'ऑप्टआउट' हे छोटे साधन लिहिले. अँटीस्पायवेअर म्हणावे अशा पहिल्या प्रोग्रामांत त्याची गणना होते.

पुढची चार-पाच वर्षे या धंद्याला उधाण आले. गाणी उतरवण्यासाठी 'काझा' टाकले की त्याच्याबरोबर जाहिरातवाले पाहुणे घरात येत. 'गेटर' हा प्रोग्राम फॉर्म आणि पासवर्ड भरून देण्याची सोय करी आणि त्याच वेळी वापरकर्ता कुठे फिरतो यावर नजर ठेवून जाहिराती समोर आणी. 'कूलवेबसर्च' तर ब्राउझरच ताब्यात घेई. अमेरिका ऑनलाइन आणि तिथल्या नॅशनल सायबर सिक्युरिटी अलायन्सने 2004 मध्ये घरोघरचे संगणक तपासले, तेव्हा सुमारे 80 टक्के संगणकांवर असे काही ना काही सापडले.

जुन्या अँटीव्हायरस कंपन्या या काळात बिचकत होत्या. हे प्रोग्राम व्हायरससारखे स्वतःहून पसरत नव्हते. शिवाय वापरकर्त्याने लांबलचक करारनाम्याखाली 'मान्य आहे' असे बटण दाबलेले असे. त्यांना हेर म्हटले तर खटल्याची भीती होती आणि ती खोटी नव्हती. गेटरने 2003 मध्ये पीसी पिटस्टॉप या साइटवर याच कारणाने दावा लावला होता.

एकेकट्यांनी भरून काढलेली उणीव

म्हणून ही उणीव भरून काढली ती एकेकट्या माणसांनी. लाव्हासॉफ्टचे 'ॲड-अवेअर' 1999 मध्ये आले. जर्मनीतल्या पॅट्रिक कोला यांनी 'स्पायबॉट सर्च अँड डिस्ट्रॉय' लिहिले आणि देणग्यांवर चालवले. नेदरलँड्समधल्या मेरिन बेलेकॉम यांचे 'हायजॅकधिस' काही काढायचे की ठेवायचे हे स्वतः ठरवत नसे. संगणक सुरू होताना काय काय सुरू होते याची यादी ते पुढे ठेवी आणि वाचणाऱ्याने जाणकाराला विचारून निर्णय घ्यायचा असे. त्या काळात जाणकारांचा ठरलेला सल्ला असे की ॲड-अवेअर आणि स्पायबॉट दोन्ही चालवा, कारण एकाच्या नजरेतून सुटलेले दुसऱ्याला सापडते.

डिसेंबर 2004 मध्ये मायक्रोसॉफ्टने जायंट ही छोटी कंपनी विकत घेतली आणि तिचे साधन जानेवारी 2005 मध्ये आपल्या नावाने चाचणीसाठी खुले केले. त्याचेच पुढे 'विंडोज डिफेंडर' झाले. व्हिस्टापासून ते विंडोजसोबतच येऊ लागले आणि 2012 च्या विंडोज 8 पासून पूर्ण अँटीव्हायरस बनले. घरगुती वापरापुरता या साऱ्या इतिहासातला सर्वांत मोठा बदल हाच. पूर्वी बाहेरून आणावे लागणारे साधन आता संगणकातच असते.

पण साधन कोणाला हेर म्हणते, हा प्रश्न केवळ तांत्रिक नसतो. गेटर चालवणाऱ्या कंपनीने पुढे क्लेरिया हे नाव घेतले. 2005 च्या जुलैमध्ये मायक्रोसॉफ्टच्या साधनाने क्लेरियाच्या प्रोग्रामांबाबतची शिफारस सौम्य करून 'दुर्लक्ष करा' अशी केली. मायक्रोसॉफ्ट क्लेरिया विकत घेण्याच्या विचारात असल्याच्या बातम्या त्याच सुमारास आल्या होत्या, त्यामुळे गदारोळ झाला. सगळ्यांना एकच निकष लावण्यासाठी हा बदल केला, असा कंपनीचा खुलासा होता आणि पुढे ती खरेदीही झाली नाही. तरी एक गोष्ट उघड झाली. साधनाने दिलेला निकाल हा ते बनवणाऱ्याच्या धोरणाचाही निकाल असतो.

त्याच वर्षी ऑक्टोबरच्या अखेरीस विंडोजचे जाणकार मार्क रुसिनोविच यांनी दाखवून दिले, की सोनी बीएमजीच्या गाण्यांच्या काही सीडी संगणकात घातल्या की एक प्रोग्राम लपून बसतो आणि ठरावीक अक्षरांनी सुरू होणाऱ्या नावाच्या फाइली विंडोजलाच दिसेनाशा करतो. तेव्हापासून हे पक्के झाले, की बाधित यंत्राने स्वतःबद्दल दिलेला 'सर्व ठीक' हा अहवाल पुरेसा नसतो. पुढे येणाऱ्या ऑफलाइन स्कॅनमागचे कारण तेच आहे.

खोटे पहारेकरी आणि खरे लोभी

हेरांची भीती वाढली तसा भीतीचाही बाजार तयार झाला. 'स्पायशेरिफ', 'विनफिक्सर', 'अँटीव्हायरस 2009' अशा नावांचे प्रोग्राम स्वतःच घुसत, शेकडो धोके सापडल्याचे नाटक करत आणि ते काढण्यासाठी पैसे मागत. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्याने 2005 मध्ये स्पायवेअरविरोधी कायदा केला. त्याखालचा पहिला खटला 2006 मध्ये उभा राहिला तोच मुळी 'स्पायवेअर क्लीनर' नावाच्या साधनावर. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने, म्हणजे एफटीसीने, 2008 मध्ये अशाच एका टोळीविरुद्ध कारवाई केली. तिने दहा लाखांहून अधिक ग्राहकांना फसवल्याचा आरोप होता. 2012 मध्ये न्यायालयाने त्या प्रकरणात 16 कोटी 30 लाख डॉलरचा आदेश दिला.

आज या फसवणुकीचे रूप वेगळे आहे. ब्राउझरभर लाल पान उघडते, भोंगा वाजतो, मायक्रोसॉफ्टच्या नावाने फोन नंबर दिसतो. त्या नंबरवर बोलणारा माणूस संगणकाचा ताबा मागतो. अशी अनेक कॉल सेंटर भारतातून चालतात. ऑक्टोबर 2023 मध्ये सीबीआयने 'ऑपरेशन चक्र-2' खाली 76 ठिकाणी झडत्या घेतल्या आणि त्यात मायक्रोसॉफ्ट व ॲमेझॉनच्या नावाने परदेशी नागरिकांना लुबाडणाऱ्यांवरील गुन्हेही होते. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या इशाऱ्यात फोन नंबर कधीच नसतो, एवढे लक्षात ठेवले तरी ही फसवणूक टळते.

याहून अस्वस्थ करणारे प्रकरण अव्हास्टचे. हे खरे, नावाजलेले, कोट्यवधी संगणकांवर असलेले साधन. त्याच्या 'जंपशॉट' या उपकंपनीमार्फत वापरकर्त्यांच्या ब्राउझिंगची माहिती विकली जात होती. जानेवारी 2020 मध्ये ते उघड झाल्यावर जंपशॉट बंद झाली आणि फेब्रुवारी 2024 मध्ये एफटीसीने अव्हास्टवर 1 कोटी 65 लाख डॉलरची कारवाई केली. पाळत थांबवण्याचे आश्वासन देणारेच पाळतीचा माल विकत होते. कुंपणच शेत खाते, ते असे.

अँटीस्पायवेअरला प्रत्येक फाइल उघडून पाहण्याची मुभा द्यावी लागते, नाहीतर त्याला कामच करता येणार नाही. त्यामुळे ते निवडताना किती धोके पकडते याच्या बरोबरीने ते कोण बनवते आणि त्याचे पोट कशावर भरते, हेही विचारायला हवे.

आजचे हेर वेगळे आहेत

जाहिराती दाखवणारे जुने प्रोग्राम संपलेले नाहीत, पण खरा धोका आता माहितीचोरांचा आहे. 'रेडलाइन', 'लुमा' अशी त्यांची नावे. ते महिनोन् महिने मुक्काम करत नाहीत. काही क्षणांत ब्राउझरमधले पासवर्ड आणि लॉगिन टिकवून ठेवणाऱ्या कुकीज उचलतात, पाठवून देतात आणि अनेकदा मागे काही ठेवतही नाहीत. मे 2025 मध्ये मायक्रोसॉफ्ट आणि अनेक देशांच्या तपास यंत्रणांनी लुमाचे जाळे मोडले, तेव्हा आधीच्या दोन महिन्यांत 3 लाख 94 हजार विंडोज संगणक त्याने बाधित केल्याचे मायक्रोसॉफ्टने सांगितले.

हे चोर घरात येतात ते मुख्यतः क्रॅक केलेल्या सॉफ्टवेअरमधून, गेमच्या 'चीट'मधून आणि सर्च इंजिनवरच्या खोट्या जाहिरातींतून. अलीकडची एक युक्ती तर वापरकर्त्याकडूनच काम करून घेते. 'तुम्ही रोबो नाही हे सिद्ध करा' असे सांगून विंडोजची कळ आणि 'आर' दाबायला, मग काहीतरी पेस्ट करून एंटर मारायला लावले जाते. कोणतीही खरी साइट असे सांगत नाही.

ब्राउझरची एक्स्टेन्शने हा दुसरा दरवाजा. 'द ग्रेट सस्पेंडर' हे लोकप्रिय एक्स्टेन्शन मूळ मालकाकडून दुसऱ्याकडे गेले आणि फेब्रुवारी 2021 मध्ये गुगलने ते घातक ठरवून काढून टाकले. चांगले म्हणून घेतलेले साधन हात बदलल्यावर बिघडू शकते, हा त्यातला धडा.

तिसरा प्रकार घरातल्याच कोणी बसवलेल्या पाळतीचा. जोडीदार किंवा नातेवाईक टायपिंग टिपणारा प्रोग्राम टाकून ठेवतात. इथे घाईने स्कॅन करून तो काढला तर बसवणाऱ्याला लगेच कळते. भांडणाची किंवा मारहाणीची भीती असेल तर आधी दुसऱ्या फोनवरून विश्वासू माणसाची किंवा पोलिसांची मदत घ्यावी, पुरावा जपावा आणि मगच साफसफाई करावी.

काय घ्यावे आणि कुठून

विंडोज 10 किंवा 11 असलेल्या घरासाठी पहिले साधन संगणकातच आहे, ते म्हणजे मायक्रोसॉफ्ट डिफेंडर. जर्मनीतील एव्ही-टेस्ट आणि ऑस्ट्रियातील एव्ही-कम्पॅरेटिव्हज या संस्था अशा साधनांच्या नियमित चाचण्या घेतात आणि निकाल सर्वांना खुले ठेवतात. जाहिरातीतल्या दाव्यांपेक्षा तिथले आकडे पाहावेत. विंडोज 10 चा नेहमीचा आधार 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपला आहे. त्यामुळे जुन्या संगणकावर आधी विंडोजचे काय करायचे ते ठरवावे. भोके पडलेल्या प्रणालीवर कितीही चांगले साधन बसवले तरी ते अपुरे पडते.

दुसरे मत घेण्यासाठी एक साधन हाताशी असावे. मालवेअरबाइट्सची फुकट आवृत्ती हाताने स्कॅन करून सापडलेले काढते. बसवल्यावर सुरुवातीचे 14 दिवस सशुल्क आवृत्तीची चाचणी चालते, ती संपली तरी स्कॅन करता येतो. नको असलेले टूलबार आणि जाहिरातवाले प्रोग्राम काढण्यासाठी त्याच कंपनीचे 'ॲडव्क्लीनर' उपयोगी आहे. इसेटचे ऑनलाइन स्कॅनर किंवा मायक्रोसॉफ्टचे सेफ्टी स्कॅनर हेही पर्याय आहेत. सेफ्टी स्कॅनर उतरवल्यापासून 10 दिवसांत बाद होते आणि पुन्हा नवे उतरवावे लागते. जुन्या धोक्यांच्या यादीवर विसंबू नये, म्हणून ही सोय आहे.

पैसे देऊन साधन घ्यायचे तर आपल्याकडे पर्याय आहेत. कैलाश आणि संजय काटकर या बंधूंनी पुण्यात उभारलेली क्विक हील, मुंबईची ई-स्कॅन, चेन्नईची के-सेव्हन या भारतीय कंपन्या. संगणक आणि माहितीच्या सुरक्षेवर देखरेख करणाऱ्या सरकारी सर्ट-इनने 21 फेब्रुवारी 2017 रोजी सायबर स्वच्छता केंद्र सुरू केले आणि बाधा काढणारी फुकट साधने तिथे ठेवली, ती अशाच भारतीय कंपन्यांच्या मदतीने. मात्र सशुल्क साधन घेतल्यावर आपोआप नूतनीकरणाची खूण तपासावी आणि एकाच वेळी दोन साधनांचा कायमचा पहारा ठेवू नये. ती एकमेकांच्या कामात अडथळा आणतात. पहारा एकाचा, अधूनमधून तपासणी दुसऱ्याची, हे गणित बरे.

साधन उतरवताना तीन पथ्ये पाळावीत. पहिले, 'बेस्ट फ्री अँटीस्पायवेअर' असे शोधून वरच्या जाहिरातीवर क्लिक करू नये, कंपनीचा पत्ता स्वतः टाइप करावा. दुसरे, सॉफ्टवेअर गोळा करून वाटणाऱ्या तिऱ्हाईत साइट टाळाव्यात. तिसरे, उतरवलेल्या फाइलवर उजवे क्लिक करून 'प्रॉपर्टीज'मध्ये डिजिटल सही कोणाची आहे ते पाहावे. शंका राहिलीच तर ती फाइल व्हायरसटोटलवर चढवली की अनेक कंपन्यांची मते एकदम मिळतात. तिथे चढवलेल्या फाइली सुरक्षा कंपन्यांना पाहता येतात, म्हणून घरची कागदपत्रे तिथे टाकू नयेत. आणि सशुल्क साधनाची क्रॅक केलेली प्रत घेणे हा तर हेराला बोलावून आणण्याचाच मार्ग आहे.

चालवण्याचा क्रम

संशय आला की आधी महत्त्वाच्या कागदपत्रांची आणि फोटोंची प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्यावी आणि डिस्क काढून ठेवावी. बँकेचे व्यवहार त्या संगणकावरून थांबवावेत. मग विंडोज आणि साधन दोन्ही अद्ययावत करावीत.

सेटिंग्जमधून विंडोज सिक्युरिटी आणि तिथून 'व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन' उघडले की 'स्कॅन ऑप्शन्स' दिसतात. क्विक स्कॅन नेहमीच्या लपण्याच्या जागा पाहतो, फुल स्कॅन सगळी डिस्क. फुल स्कॅनला काही तास लागू शकतात, म्हणून तो रात्री लावावा. सापडलेले परत परत उगवत असेल तर ऑफलाइन स्कॅन निवडावा. संगणक बंद होऊन विंडोज सुरू होण्याआधीच तपासणी होते, त्यामुळे लपणाऱ्याला लपण्याची संधी मिळत नाही. त्याला साधारण पंधरा मिनिटे लागतात. विंडोज सिक्युरिटीच्याच सेटिंग्जमध्ये नको असलेले प्रोग्राम अडवण्याची आणि साधनात कोणी ढवळाढवळ करू नये यासाठीची अशा दोन्ही सोयी चालू आहेत ना, ते पाहून घ्यावे.

यानंतर दुसऱ्या साधनाचा एक स्कॅन. 'शंभर धोके सापडले' असे दिसले तर घाबरण्याआधी यादी वाचावी. काही साधने साध्या कुकीजही धोक्यांत मोजतात आणि आकडा फुगतो. सापडलेले थेट पुसण्याऐवजी क्वारंटाइनमध्ये टाकावे आणि संगणक दोन-चार दिवस नीट चालला की मग पुसावे. निरुपद्रवी फाइल चुकून पकडली गेली असेल तर ती परत आणता येते.

स्कॅनच्या नजरेतून सुटणाऱ्या तीन जागा हाताने पाहाव्यात. ब्राउझरमधली एक्स्टेन्शने, ब्राउझरने नोटिफिकेशनची परवानगी दिलेल्या साइट, आणि संगणकासोबत सुरू होणाऱ्या प्रोग्रामांची यादी. कोपऱ्यातून उगवणाऱ्या 'व्हायरस सापडला' जाहिराती बहुतेकदा यांतल्या दुसऱ्या जागेतून येतात आणि परवानगी काढली की थांबतात. ज्यांना खोलात जायचे त्यांच्यासाठी रुसिनोविच यांचे 'ऑटोरन्स' हे फुकट साधन आहे. मॅकवर ॲपलचे 'एक्सप्रोटेक्ट' आधीपासून असते, तिथेही एक्स्टेन्शने आणि अनोळखी ॲप पाहण्याचा नियम तोच.

स्कॅन संपला म्हणजे काम संपले नाही

बहुतेक घरी इथेच चूक होते. चोर बाहेर काढला तरी चोरीला गेलेला पासवर्ड परत येत नाही. म्हणून दुसऱ्या, स्वच्छ उपकरणावरून आधी ईमेलचा, मग बँकेचा आणि इतर खात्यांचे पासवर्ड बदलावेत. प्रत्येक खात्यातून 'सर्व उपकरणांवरून लॉगआउट' करावे, कारण चोरलेल्या कुकीमुळे पासवर्डशिवायही आत शिरता येते. दोन टप्प्यांची पडताळणी चालू करावी. पैसे गेले असतील तर वेळ न दवडता 1930 या हेल्पलाइनवर आणि बँकेला कळवावे. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 66 खाली दुसऱ्याच्या संगणकात असा प्रोग्राम अप्रामाणिकपणे घालणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड होऊ शकतो, तेव्हा तक्रार नोंदवण्यात संकोच नको.

साधनांच्या मर्यादाही मान्य कराव्यात. पेगॅसससारखे सरकारांना विकले जाणारे फोनवरचे हेर घरगुती स्कॅनरच्या टप्प्यात येत नाहीत. अगदी नवा माहितीचोरही पहिले काही तास निसटू शकतो. आणि ऑफलाइन स्कॅननंतरही लक्षणे कायम राहिली तर दुरुस्तीवाल्याचा 'फॉरमॅट' हाच खरा उपाय ठरतो. फक्त तो पहिला उपाय नसावा, आणि त्यानंतर चोरीची विंडोज किंवा क्रॅक केलेले प्रोग्राम पुन्हा टाकून घेऊ नयेत.

सगळा आढावा घेतल्यावर निष्कर्ष असा, की सामान्य घराला वेगळे अँटीस्पायवेअर विकत घेण्याची आज गरज नाही. अद्ययावत विंडोज, चालू असलेले डिफेंडर, महिन्यातून एकदा दुसऱ्या विश्वासू साधनाचा स्कॅन आणि क्रॅकपासून चार हात दूर राहणे, एवढे पुरते. ज्यांच्या घरी एकच संगणक मुले आणि मोठे मिळून वापरतात, त्यांनी मुलांना वेगळे, मर्यादित अधिकारांचे खाते करून द्यावे. पैसे खर्च करायचेच असतील तर ते बॅकअपच्या डिस्कवर करावेत.